त्रिग्लावचे तीन फटके

मी तशी खोटारडी बाई नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली, रोज दीडशे पोरांचं रांधलं, पण करपलेल्या सूपला 'आज जरा वेगळी चव आहे हं' असं एकदाही म्हटलं नाही. करपलं तर करपलं म्हणायचं आणि वर एक पावाचा तुकडा जास्त द्यायचा. पण सतराव्या वर्षी एक खोटं बोलले आणि ते बेचाळीस वर्षं अंगावर पोसलं. चांगलं गुबगुबीत झालं होतं.

खोटं होतं त्रिग्लावचं. आमच्या झेंड्यावर जो तीन डोक्यांचा डोंगर आहे, तो. माझ्या ओट्यावरच्या खिडकीतून सरळ दिसतो, म्हणजे मी भांडी घासते आणि तो बघतो. त्रिग्लाव चढला नाही तो स्लोव्हेनियन कसला, असं आमच्यात पाळण्यापासून ऐकवतात. आणि पहिल्यांदा माथ्यावर पोचलेल्याला तिथेच ओणवं करून ढुंगणावर दोराचे तीन फटके देतात. तो त्याचा बाप्तिस्मा. फटके मारणारा मात्र आधी चढून गेलेला असायला हवा. मग वाकणारा न्यायाधीश असो की न्हावी, तीन म्हणजे तीन.

सतराव्या वर्षी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत माथ्याखालच्या धर्मशाळेत भांडी घासायला तीन आठवडे राहिले होते. एका सुट्टीच्या दिवशी एकटीच वर निघाले. धाकट्या त्रिग्लावपर्यंत, म्हणजे माथ्याच्या अलीकडच्या शिखरापर्यंत, पोचले. तिथून थोरल्यापर्यंत एक धार जाते, दोन्ही बाजूंना नुसतं आभाळ. लोखंडी तार धरून मी ती धार बघितली आणि बसल्या बसल्या, हो, अक्षरशः बसूनच, खाली सरकत आले. घरी परतल्यावर आई म्हणाली, "तीन आठवडे तिथं होतीस, म्हणजे माथ्यावर जाऊन आली असशीलच?" तोंडातून निघून गेलं, "हो तर!"

एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण धर्मशाळेत रोज फटके खाऊन आलेली माणसं बघितलेली, त्यामुळे तपशिलाला तोटा नव्हता. पोलाद कारखान्यातल्या एका आडदांड कामगाराने मला असे तीन फटके मारले की येताना बसमध्ये बसताच आलं नाही, पार गावापर्यंत उभ्यानेच आले! लोक पोट धरून हसायचे. ही गोष्ट मी माझ्या लग्नात सांगितली, मुलाच्या बारशाला सांगितली, शाळेतल्या प्रत्येक नव्या मुख्याध्यापकाला सांगितली. त्या कामगाराला पुढे पुढे मी मिशासुद्धा दिल्या.

आणि मग यंदा जूनमध्ये माझी नात आयदा, वय वर्षं अकरा, जेवताना चमचा खाली ठेवून म्हणाली, "जुलैच्या शेवटच्या शनिवारी मी आणि बाबा त्रिग्लावला जाणार. फटके आजी मारणार."

"आजीचे गुडघे..." मी सुरुवात केली.

"आजी, तुझे गुडघे मशरूम गोळा करताना बरे असतात. फक्त त्रिग्लावचं नाव काढलं की दुखतात."

माझा नवरा विंको सूपात बघून हसला. त्याचं काय जातंय हसायला! तो चार वेळा जाऊन आलाय.

"बाबा मारेल की," मी म्हटलं.

"बाबाने मला मांजर पाळू दिलं नाही. मला तूच पाहिजेस. त्या मिशाळ कामगारासारखे मार, बसमध्ये उभं राहावं लागलं पाहिजे." आणि आतून माझ्या वडिलांचा गवताचे भारे बांधायचा दोर घेऊन आली. पोरीने तो धुऊन, वाळवून, गुंडाळून तयार ठेवला होता.

त्या दोराकडे बघून मला खरोखर लाज वाटली. लोकांना थाप मारणं वेगळं. पण स्वतः न चढता या पोरीला ओणवं करायचं आणि बाप्तिस्मा म्हणून फटके द्यायचे? ती आयुष्यभर म्हणेल, मला माझ्या आजीने दिले. आणि ते खोटे निघतील. नाही, तेवढी निर्लज्ज मी नाही. मी मनाशी ठरवलं, शनिवारच्या आधी गुपचूप जाऊन यायचं. खरोखरचं चढायचं, खरोखरचे फटके खायचे, आणि मग ताठ मानेने दोर हातात धरायचा.

शाळेला सुट्टी होतीच. अकरा दिवस आधीच्या मंगळवारी विंकोला म्हटलं, "बहिणीकडे जाते दोन दिवस. जर्दाळूचा जॅम करायचाय."

"डोंगरात जायचे बूट घालून?"

"तिच्या बागेत चिखल आहे."

"तीन आठवडे पाऊस नाही," तो म्हणाला, पण तेवढ्यात त्याच्या मधमाश्यांचं मोहोळ कुठेतरी उठलं आणि तो शिडी घेऊन पळाला. मधमाश्यांचं भलं होवो. मुलाचं हेल्मेट आणि कमरेचा पट्टा मी आदल्या दिवशीच पडवीतून उचलून पिशवीत कोंबला होता. वर तो दोर.

पहिल्या बसने पठारावर गेले आणि चालायला लागले. काय सांगू, मजा आली! एकटं चालण्यात एक सुख आहे जे लग्न झालेल्या बाईला सहसा मिळत नाही: कुणी विचारत नाही आता किती राहिलं, कुणाला लघवीला लागत नाही, कुणाची पाण्याची बाटली आपल्या पिशवीत नसते. देवदारांमधून वाट वर गेली, मग झुडपं, मग नुसतं गवत आणि गाईंच्या घंटा. भेटेल तो रामराम करत होता. वर डोंगरात आमच्याकडे अहो-जाहो चालत नाही. खाली बँकेत ज्याला वाकून बोलावं लागतं तोसुद्धा इथे 'काय गं, दमलीस?' म्हणतो आणि आपण 'तुझ्यापेक्षा कमीच' म्हणायचं. मी एका खडकावर बसून उकडलेली अंडी खाल्ली, बूट काढून पाय ओढ्यात घातले आणि मोठ्याने गाणं म्हटलं. शाळेत माझ्या गाण्यावर बंदी आहे.

संध्याकाळी धर्मशाळेत पोचले. जव आणि घेवड्याचं दाट सूप घेतलं आणि चव बघून मनात म्हटलं, मीठ उशिरा घातलंय. बाकी झकास. आडवी झाले ती सकाळीच उठले.

सकाळी मात्र मजा संपली. खडकात ठोकलेल्या लोखंडी खुंट्या, त्यांतून ओवलेली तार, आणि त्या तारेला कमरेचा पट्टा अडकवत वर सरकायचं. इथवर हातपाय चालले. धाकट्या त्रिग्लाववर आले आणि समोर तीच ती धार. बेचाळीस वर्षांत तसूभर रुंद झाली नव्हती.

मी बसले. त्याच जागी. मागून एक जोडपं आलं, "जातेस का पुढे?" म्हणालं. "तुम्ही व्हा, मी नजारा बघतेय," मी म्हटलं, आणि डोळे गच्च मिटून घेतले. आता परत फिरावं, कोण विचारतंय! आयदाला सांगावं गुडघा मोडला. हवं तर खरंच मोडावा. मग पिशवीत हात घातला चॉकलेटसाठी आणि हाताला लागला दोर. त्याच्या टोकाला तिने लाल लोकर गुंडाळली होती, सुटू नये म्हणून. चांगली घट्ट गाठ मारलेली.

"मिनका," मी स्वतःला म्हटलं, "तीनशे अंडी एका वेळी फोडणारी बाई तू. ऊठ."

उठले. धार ओलांडली. कशी ते विचारू नका, कारण मला आठवतात ते फक्त माझे बूट. डावा, उजवा, डावा, तारेचा चटका, उजवा. आणि मग अचानक चढायला पुढे काहीच उरलं नव्हतं.

माथ्यावर आमचा तो छोटासा पत्र्याचा बुरूज आहे, चार माणसं दाटीवाटीने मावतील एवढा. मी त्याला मिठीच मारली. रडले. बेचाळीस वर्षं ज्याचं वर्णन करत आले, तो मी समजत होते त्यापेक्षा खूपच गार निघाला.

आधीचं जोडपं केव्हाच दुसऱ्या बाजूने उतरून गेलं होतं. माथ्यावर एकच माणूस होता, चाळिशीचा, गोलमटोल, हेल्मेट किंचित तिरकं. मी डोळे पुसले, दोर काढला आणि त्याच्यापुढे धरला. "भल्या माणसा, माझी पहिलीच वेळ. तीन दे आणि मोकळी कर."

त्याचा चेहरा पडला. "अगं, माझी पण पहिलीच. मघाचं जोडपंही नवखंच निघालं. मी तासभर मारणारं कुणीतरी यायची वाट बघतोय."

हा मारिबोरचा दातांचा डॉक्टर, नाव राडो. आता घ्या! बाप्तिस्मा न झालेल्याने दुसऱ्याला मारलेलं चालत नाही. आम्ही दोघं बुरुजाला टेकून बसलो, हातात दोर आणि मारायला माणूस नाही. त्याने मला सुकवलेली नासपती दिली, मी त्याला माझी अक्कलदाढ दाखवली. तो म्हणाला, काढून टाक. मी म्हटलं, आज एकच दुखणं पुरे.

तेवढ्यात धारेवरून गाण्याचा आवाज आला. जाड, खणखणीत, चर्चच्या छताला भोक पाडेल असा. माझ्या हातातली नासपती गळली. हा आवाज मी दर रविवारी ऐकते. फानी! आमच्या गावची पोस्टवाली, आता निवृत्त. गावात कुणाला शिंक आली तर रुमाल काढायच्या आत शेजारच्या गावाला कळवणारी फानी. ती दरवर्षी त्रिग्लावला जाते हे मला माहीत होतं, पण ती ऑगस्टमध्ये जाते! दोर डॉक्टरच्या हातात सोडून मी गुपचूप बुरुजात शिरले आणि दार ओढून घेतलं.

"वा वा!" बाहेर फानीचा आवाज. "एकटाच? पहिल्यांदा?"

"पहिल्यांदाच. बरं झालं आलीस, देवासारखी आलीस," डॉक्टर म्हणाला. मग तीन सणसणीत आवाज आले आणि तीन वेळा 'आई गं!' मी आत श्वास रोखून. आता ही सफरचंद खाईल, गाणं म्हणेल आणि जाईल. मग डॉक्टरलाच मला मारता येईल, त्याचा बाप्तिस्मा आता झालाच.

"आणि आता आतल्या बाईला पण दे," डॉक्टर म्हणाला. मारिबोरच्या माणसाचं तोंड बंद राहत नाही. "तिची पण पहिलीच वेळ आहे. फार चांगली बाई आहे, शाळेत स्वयंपाक करते."

दार उघडलं. फानी. लाल चेहरा, डोक्याला रुमाल.

"मिनके?"

"फाने, आज हवा छान आहे," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं, दोराकडे बघितलं, डॉक्टरकडे बघितलं. ती हिशेब करत होती, मला दिसत होतं. लग्नातली गोष्ट. बारशातली गोष्ट. मिशा.

"पहिलीच वेळ?" ती हळू म्हणाली. फानीला हळू बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आता दोनच वाटा होत्या. एक, म्हणायचं की डॉक्टर येडा आहे, आणि फटक्यांशिवाय खाली उतरायचं. म्हणजे पुन्हा खोटी ती खोटीच. दुसरी, वाकायचं, आणि उद्यापर्यंत दुधवाल्यापासून पाद्रीबाबापर्यंत सगळ्यांना कळायचं. माझी मान तापली. पण दोराच्या टोकाची लाल लोकर दिसत होती.

"पहिलीच," मी म्हटलं. "शनिवारी पुढच्या, मला आयदाला मारायचेत. खोट्या हाताने नाही मारणार मी." आणि बुरूज धरून वाकले.

बाई गं! चाळीस वर्षं पत्रांची पिशवी वाहिलेला तो हात. पहिल्यालाच मला माझी कैलासवासी आई दिसली. दुसरा, तिसरा. मग फानीने मला उभं केलं, दोन्ही गालांवर मुके घेतले आणि कमरेच्या बाटलीतून जांभळ्या रानबेरींची दारू पाजली.

"फाने," मी म्हटलं, "गावात..."

"गावात काय? मी चाळीस वर्षं पत्रं वाटली, एक तरी पाकीट फोडलं का?" तिला खरंच राग आला होता. "गप्पा वेगळ्या. बंद पाकीट वेगळं."

घरी जाताना बाजारातून जर्दाळू जॅमच्या सहा बाटल्या घेतल्या आणि बसथांब्यावर बसून नखाने लेबलं खरवडली. म्हणजे बसून नव्हे, उभ्यानेच. विंकोने पावाला लावून खाल्ला, म्हणाला, "तुझ्या बहिणीचा हात सुधारला." एक खोटं लपवायला दहा लागतात ते असं.

दहा दिवस फानी खरंच गप्प राहिली. चर्चमध्ये भेटली तर नुसती गात होती. म्हणजे माझं गुपित तिजोरीत होतं, आणि हक्कसुद्धा माझाच होता. आता अडचण काही उरली नव्हती.

मग तो शनिवार. मी, माझा मुलगा अँझे आणि आयदा. पोरगी शेळीसारखी चढली. धारेवर मी तिला म्हटलं, "बुटांकडे बघ फक्त." ती म्हणाली, "कशाला? किती भारी दिसतंय!" माथ्यावर आठ-दहा माणसं होती, सगळी हसत गोळा झाली. आयदाने हेल्मेट सारखं केलं, बुरूज धरला, ओणवी झाली. मी दोर उचलला.

"थांब आजी!" ती वाकल्या वाकल्या म्हणाली. "आधी ती गोष्ट सांग. मिशाळ कामगाराची. तो कुठे उभा होता? इथेच ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गोष्ट तोंडपाठ होती, जिभेवर तयार. कामगार कुठे उभा होता ते बोटाने दाखवायचं एवढंच. आणि मला ते जमेना. जिथे मी खरंच रडले होते, तिथे त्या मिशीवाल्याला उभं करायला जागाच नव्हती.

"कामगार नव्हताच," मी म्हटलं. "मी सतराव्या वर्षी त्या पलीकडच्या टेकाडावरून परत फिरले. घाबरले. आणि सगळ्यांशी खोटं बोलले. पहिल्यांदा इथं आले ते गेल्या बुधवारच्या आदल्या बुधवारी. गुपचूप. जॅमबिम काही नाही, तो विकतचा. मला फानीने मारलं."

आयदा सरळ उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, खोटारडी. त्याची मी तयारी केली होती.

"म्हणजे तू दहा दिवसांपूर्वी आलीस?" तिचे डोळे भरले होते. "आजी, मला सांगितलं असतंस तर आज आपली दोघींची पहिली वेळ असती! बाबाने दोघींना मारलं असतं. शेजारी शेजारी वाकलो असतो आपण."

फानीच्या तिन्ही फटक्यांत मिळून एवढं लागलं नव्हतं. मी खोटं उघडं पडायला घाबरत होते, हिला काय हवंय ते माझं मीच ठरवून बसले होते. एवढी धार ओलांडली, आणि पोरीला बरोबर घ्यावं हे काही सुचलं नाही. मी तिथेच, लोकांसमोर, तिची माफी मागितली. नाक ओढत, हेल्मेट घालून.

आयदाने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा वाकली. "मार. नीट मार."

नीट मारले. तीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती उठली, ढुंगण चोळलं आणि हात पुढे केला.

"आता माझा झाला ना बाप्तिस्मा? मग दोर दे. वाक."

"अगं, माझे झालेत..."

"वाक, आजी."

वाकले. "हा बेचाळीस वर्षांचा," ती म्हणाली. सट्. "हा जॅमचा." सट्. मग जरा थांबली. मागे कुणी हसत नव्हतं. "आणि हा मला न घेता आलीस म्हणून." तो खरोखरच बसला.

संध्याकाळची बस अर्धी रिकामी होती. अँझे खिडकीशी बसला आणि लगेच घोरायला लागला. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "बाई, जागा आहेत की, बसा."

"नको," मी म्हटलं, "आज बसता येत नाही."

"मला पण नाही," आयदा म्हणाली, आणि माझ्या हाताखालून दांडा धरून पार गावापर्यंत माझ्या शेजारी उभी राहिली.